दाताखालची भाकरी

"आ करा, मावशी. अजून. अजून थोडं."

केलंय की, असं रुद्रम्माला म्हणायचं होतं. पण दातांच्या मध्ये प्लास्टिकची पट्टी उभी धरलेली असताना माणूस काय बोलणार! डॉक्टर अर्पितांनी वाकून पट्टीवरचा आकडा वाचला आणि मागं न वळताच सांगितला, "एकोणीस."

मागच्या टेबलाशी बसलेल्या दोघांनी तो आपापल्या कागदावर लिहून घेतला. एक रणधीर नावाचा उंच तरुण, व्यायाम शिकवणारा. दुसरी सृष्टी, हिचं काम नुसतं बोलायचं आणि ऐकायचं, असं बाहेरच्या शिपायानं सांगितलं होतं. एका तोंडाला तीन माणसं! रुद्रम्माला मागणी घालायला आले होते तेव्हासुद्धा दोघंच आले होते.

पट्टी निघाल्यावर तिनं गाल चोळला. "एकोणीस म्हंजी किती?"

"एकोणीस मिलिमीटर. तुमचं एक बोट कसंबसं जाईल एवढं. तीन बोटं जायला पाहिजेत."

"मग कापायचं कवा?"

"काय कापायचं?"

"ह्ये." रुद्रम्मानं डाव्या कानाच्या पुढं बोट टेकवलं. "म्या तयारीनंच आले, बाई. पातळं, चादर, तांब्या, समदं आणलंय."

खरंच आणलं होतं. तिची सून श्रीदेवी दाराशी ती फुगलेली पिशवी दोन्ही हातांनी धरून उभी होती. जळकोटाहून तुळजापूर, तिथं गाडी बदलून धाराशिव, असं सगळं अंतर तिनं ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

रुद्रम्मा छप्पन्न वर्षांची. हायवेच्या कडेला जळकोटात तिचं घर, आणि घराच्या मागच्या पडवीत दोन चुली. गेली पस्तीस वर्षं ती ज्वारीच्या कडक भाकऱ्या करत आली होती. पापडासारख्या पातळ थापायच्या, तव्यावर भाजायच्या, मग मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत पार वाळवायच्या. महिना महिना टिकतात. हायवेवरचे ढाबे न्यायचे, पुण्यात शिकणाऱ्या पोरांच्या आया न्यायच्या. "रुद्रम्माची भाकरी" म्हटलं की दुसरं काही विचारावं लागत नसे.

वर्षभरापूर्वी कानापुढं दुखायला लागलं. दाढच असणार म्हणून तालुक्याच्या गावी एकाकडून दाढ काढून घेतली. दाढ निघाली धडधाकट, आणि दुखणं राहिलं जागच्या जागी. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी जांभई द्यायला गेली तर जबडा निम्म्यावरच अडला, आणि तेव्हापासून तो निम्म्याच्या पुढं गेलाच नव्हता.

"कापायचं काही नाही," डॉक्टर अर्पिता म्हणाल्या. "इथं सांधा असतो. त्यात गादी असते, ती जराशी सरकलीय. आणि भोवतीचे स्नायू दगड झालेत. तुमचा जबडा थकलाय, मावशी."

थकलाय. रुद्रम्मा त्यांच्याकडं बघत राहिली. तिच्या अंगातला एखादा अवयव थकलाय, असं आजवर कुणी तिला म्हटलं नव्हतं. तिनं स्वतः तरी कुठं म्हटलं होतं?

पण ऐकायला बरं वाटलं तरी पुढचं काही तिला पटलं नाही. ऑपरेशन नाही, इंजेक्शन नाही. दातांचं माप घेऊन एक पारदर्शक साचा करून देणार, तो झोपताना दातांवर बसवायचा. सकाळ-संध्याकाळ गरम पाण्यात पिळलेलं फडकं गालाला लावायचं. जीभ टाळूला टेकवून तोंड हळूहळू उघडायचं, सहा वेळा, दिवसातून सहादा. मऊ खायचं, आणि दोन्ही बाजूंनी चावायचं. रणधीरनं तर एक वाक्यच पाठ करून घेतलं, शाळेतल्यासारखं: ओठ मिटलेले, दात सुटलेले.

"किती दिस?"

"तीन महिने तरी. दर दुसऱ्या गुरुवारी यायचं. आम्ही तिघं एकत्र बसून बघू."

"शिवशिवा," रुद्रम्मा म्हणाली आणि उठली.

परतीच्या गाडीत तिला बसायला जागा मिळाली, श्रीदेवीला मिळाली नाही. पिशवीतली चादर घडीसुद्धा न मोडता परत निघाली होती. रुद्रम्माला आपली फसवणूक झाल्यासारखं वाटत होतं. एवढ्या लांब गेलं की काहीतरी कापावं, शिवावं, टाके दाखवता यावेत. गरम फडक्यासाठी साठ किलोमीटर?

शेजारच्या शांताक्कानं तर उंबऱ्यातच गाठलं. "ऑपरेशन न्हाय? मग गेलतीस कशाला? फडकं तर म्याबी सांगितलं असतं."

"तू सांगितलं असतंस तर म्या ऐकलं नसतं," रुद्रम्मा म्हणाली. बोलताना दुखत होतं, म्हणून एवढ्यावर भागवलं. एरवी शांताक्का एवढ्यात सुटती ना!

नवरा महालिंगप्पा ओसरीवर बसला होता. तो वाईट माणूस नव्हता. आयुष्यात त्यानं बायकोवर हात उचलला नाही आणि तिच्यासाठी पाण्याचा तांब्याही उचलला नाही. "जमंल तसं कर," एवढं म्हणून तो जेवायला आत आला.

रुद्रम्मानं सगळं केलं. मनापासून केलं, कारण कुठलंही काम अर्धवट टाकणं तिच्या हाडात नव्हतं. साचा बसवून झोपली. घरात कुणी नसताना भिंतीकडं तोंड करून आ करायची. खिचडी खाल्ली, भात-वरण खाल्लं. पहिल्या महिन्यात एकोणीसचे चोवीस झाले, डॉक्टरीणबाई हसल्या, आणि बसमध्ये रुद्रम्मानं पहिल्यांदाच श्रीदेवीला म्हटलं, "बस की गं इथं, सरकते म्या."

मग गाडी अडली. पुढच्या खेपेला चोवीसच. त्याच्या पुढच्या खेपेला तेवीस. कानापुढं पुन्हा ठणका. गुरुवारमागून गुरुवार चालले, थंडी सरली, हायवेच्या कडेची ज्वारी काढणीला आली, तरी आकडा हलेना. तेच तुळजापूर, तोच फलाट, तोच धक्का. रुद्रम्माला वाटायला लागलं की आपण दुखण्यासाठी जात नाही, जाण्यासाठीच जातो.

पाचव्या खेपेला तिघांनी खुर्च्या ओढून तिच्याभोवती घेतल्या.

"साचा लावता ना?"

"लावते."

"कडक काही खाता?"

"न्हाय."

"दाणे? चिवडा? ऊस?"

"न्हाय म्हटलं की. विचारा हिला."

श्रीदेवीनं मान हलवली. सासू खोटं बोलत नव्हती. तिला खरोखरच आपण खोटं बोलत नाही असं वाटत होतं.

रणधीर जरा वेळ तिच्या हातांकडं बघत बसला. मग म्हणाला, "मावशी, भाकरी कशी करता ते दाखवा. इथंच, टेबलावर."

"इथं? पीठ कुठाय?"

"आहे असं समजा."

रुद्रम्माला हसू आलं. डॉक्टर लोकांचा पोरखेळ! पण तिनं पदर खोचला, बांगड्या मागं सारल्या आणि टेबलाच्या फळीवर नसलेल्या पिठाचा गोळा ठेवला. पहिल्या दोन थापांपर्यंत ती लाजत होती. तिसऱ्या थापेला तिला ती खोली दिसेनाशी झाली. हात गोल फिरायला लागले, खांदे हलायला लागले, आणि ओठ आत ओढले जाऊन दातावर दात बसले. रणधीरनं न बोलता तिच्या दोन्ही गालांवर दोन बोटं टेकवली. स्नायू गोटीसारखे टणक झाले होते.

"भाजा," तो हळूच म्हणाला.

तिनं उलटली, भाजली, फडक्यानं दाबली, वाळवली. एकावर एक दहा रचल्या. मग वरची भाकरी उचलली, तोंडाशी नेली आणि डाव्या बाजूनं हवेतच कचकन चावली.

चावली, आणि कळ मस्तकात गेली. डोळ्यांतून पाणी आलं. रुद्रम्मा आपल्या रिकाम्या हाताकडं बघत होती.

"हे काय होतं, मावशी?" डॉक्टर अर्पितांनी विचारलं.

"पारख."

"म्हणजे?"

"धा भाकरीची थप्पी झाली की वरची चावून बघायची. कडाक वाजली तर थप्पी पास. नरम लागली तर परत चुलीवर. त्ये काय खाणं न्हाय, बाई. त्ये काम हाय."

"दिवसाला किती थप्प्या?"

"पंधरा. सणासुदीला वीस."

"आणि कायम डावीकडनंच?"

"उजवीकडनं आवाज कळत न्हाय."

डॉक्टर अर्पितांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत, रागवायचं त्राण त्यांच्यातही नसावं, बाहेर अजून तीस माणसं बसली होती. "मावशी, दिवसभर आम्ही सांगतो ते तुम्ही करता, आणि पहाटे पंधरा वेळा ते सगळं पुसून टाकता. असंच चाललं तर एक दिवस तोंडात चमचा जाणार नाही. पुढचं मग माझ्या हातात नाही. ही पारख सुनेला द्या."

दाराशी श्रीदेवीनं खाली मान घातली.

"न्हाय," रुद्रम्मा म्हणाली.

आतापर्यंत गप्प बसलेल्या सृष्टीनं बाकीच्या दोघांकडं बघितलं. ते दोघं उठून पुढच्या पेशंटकडं गेले. सृष्टीनं श्रीदेवीलाही चहा आणायला पाठवलं आणि खुर्ची जवळ ओढली. "मी मुरूमची आहे," ती म्हणाली. "आमच्याकडं मठाची जत्रा असते. दासोहाला, येईल त्याला जेवू घालायला, घराघरातनं कडक भाकरी जाते. तुमच्याकडनं जाते?"

"व्हय तर. दर साली पाच थप्प्या."

"त्या चावून बघता?"

"छे! देवाच्या दारची. उष्टी करून चालंल का?"

"मग कडक झाली हे कसं कळतं?"

रुद्रम्माला कळत होतं. बोटाच्या पेरानं टिचकी मारली की कळत होतं. वाळलेली भाकरी खणखणीत बोलते, आत ओल असली की आवाज बसतो. पस्तीस वर्षांत दासोहाची एक भाकरी नरम गेली नव्हती. आणि हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"म्हणजे दात लागतच नाहीत," सृष्टी म्हणाली.

"कामाला लागत न्हाईत," रुद्रम्मा म्हणाली. मग बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आणि जे तिनं आईला सांगितलं नव्हतं, महालिंगप्पाला तर नाहीच नाही, ते त्या कालच्या पोरीला सांगितलं.

ती एकोणीस वर्षांची असताना या घरात आली. अकरा माणसांचं घर. आधी पुरुष जेवायचे, मग पोरं, मग सासू लक्ष्मम्मा, मग जावा, आणि सगळ्यांत शेवटी धाकटी सून. पातेल्यात उरेल ते. कधी उरायचं, कधी पातेलं नुसतं ओलं असायचं. शेकडो भाकऱ्या थापणाऱ्या बाईला भाकरी मिळायची नाही. वास तेवढा पोटभर. पहाटे पाणी पिऊन ती चुलीपुढं बसायची. पारख सासूची होती. चावलेली भाकरी उष्टी, म्हणून ती पारखणारीचीच, असा घरचा रिवाज. मग एका वर्षी लक्ष्मम्माचे पुढचे दात पडले, आणि तिनं थप्पीतली वरची भाकरी उचलून रुद्रम्माच्या हातात दिली. "चाव," म्हणाली.

"त्या दिशी घरात समद्यांच्या आधी म्या खाल्लं," रुद्रम्मा म्हणाली. "दीर झोपलेले, सासरा झोपलेला, ह्ये झोपलेले. आन् म्या भाकरी खातीय. कडाक, कडाक. कुणी काय बोलायचं न्हाय, कारण त्ये काम. बाई, त्यो एक घास माझा हाय. त्योबी देऊ?"

सृष्टीनं दिलासा दिला नाही. "अवघड आहे," एवढंच म्हणाली. तेवढ्यात श्रीदेवी चहा घेऊन आली.

त्या दिवशी गाडीत रुद्रम्माचं बोट घरापर्यंत पुढच्या सीटच्या दांडीवर टिचक्या मारत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पहिली थप्पी झाली. तिनं वरची भाकरी उचलली, तोंडापाशी नेली, आणि खाली घेऊन टिचकी मारली. खणखणीत. थप्पी पास झाली. दुसरी, तिसरी, पंधरावी; सगळ्या टिचकीवर पास झाल्या. एकाही भाकरीला दात लागला नाही. गिऱ्हाइकाला काही फरक कळला नाही. फरक कळला तो रुद्रम्माला. भाकऱ्या झाल्या की आधी महालिंगप्पा जेवला, मग मुलगा गौरीशंकर, मग नातू, मग कोरड्या घशानं ती. सगळं पुन्हा एकोणिसाव्या वर्षासारखं झालं. वर आता भाकरी भिजवून खायची.

आकडा मात्र चालायला लागला. सत्तावीस. एकोणतीस. वैशाखात एकतीस. रणधीरनं टाळी दिली. डॉक्टर अर्पितांनी स्पष्ट सांगितलं की अगदी पहिल्यासारखं होईल असं नाही, कडक भाकरी आता नकोच, पण दुखणं राहील काबूत. "बरं वाटतं ना, मावशी?"

"व्हय," रुद्रम्मा म्हणाली. दुखत नव्हतं हे खरं होतं. पण काही हाताला लागलं असंही तिला वाटत नव्हतं.

त्यानंतर तीनचार दिवसांची गोष्ट. पहाटेची वेळ, दोन्ही चुली पेटलेल्या. एकीपुढं रुद्रम्मा, दुसरीपुढं श्रीदेवी. या घरात येऊन श्रीदेवीला आठ वर्षं झाली होती. रुद्रम्मानं सहज मान वळवली आणि तिचा हात तव्यावरच थांबला. जाळाच्या उजेडात श्रीदेवीचा गाल दिसत होता. प्रत्येक थापेबरोबर कानाच्या पुढं एक गोटी वर यायची आणि खाली जायची. ओठ आत ओढलेले. शेजारी पाण्याचा तांब्या, अर्धा रिकामा.

रुद्रम्मा उठली. कंबरेवर हात ठेवत दोन पावलं सरकली आणि तिनं सुनेच्या गालावर दोन बोटं टेकवली, रणधीरनं टेकवली होती तशी. दगड.

"काय झालं, अत्ती?" श्रीदेवी दचकली. सासूला ती कानडीत अत्ती म्हणायची.

"दुखतं का इथं?"

श्रीदेवी आधी न्हाय म्हणाली. मग म्हणाली, "जरासं. सकाळच्या पारी."

"कवापासनं?"

"झालं साल-दीड साल."

"बोलली न्हाईस."

श्रीदेवीनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. कुणाला बोलायचं? ज्या बाईची पिशवी मांडीवर घेऊन ती आठ गुरुवार धाराशिवला गेली होती, जिच्या तिघा डॉक्टरांचं सगळं बोलणं तिनं दाराशी उभं राहून ऐकलं होतं, त्या बाईला? रुद्रम्माला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज कुठं ठेवावी ते तिला कळेना. आपली सासू दात पडेपर्यंत थांबली होती. आपण तर जबडा अडकला तरी सोडायला तयार नव्हतो.

तिनं श्रीदेवीच्या तव्यावरची भाकरी उचलली. टम्म फुगलेली, अजून मऊ होती. पुढं ती वाळवून कडक करायची. रुद्रम्मानं ती वाळवली नाही. हातावर घेऊन, चटके सोसत, मधोमध मोडली. वाफ वर आली.

"धर."

"अत्ती, अजून कुणी जेवलं न्हाय."

"ठावं हाय मला. धर, निवंल."

"आन् थप्पी?"

"थप्पी कुठं पळून चाललीय? खा. दोन्ही अंगानं चाव. आन् थापताना दात सोडत जा गं, पोरी. ओठ मिटलेले, दात सुटलेले. येत्या गुरुवारी तुजं तोंड दावू त्यांना. पिशवी म्या धरते."

श्रीदेवीनं अर्धी भाकरी घेतली. पहिला घास तिनं दाराकडं बघत खाल्ला, दुसरा जमिनीकडं बघत. तिसऱ्या घासाला ती रडायला लागली, पण खायची थांबली नाही. रुद्रम्मानं तिकडं बघितलं नाही. तिनं आपला अर्धा भाग कुस्करला नाही, भिजवला नाही. बेताचा तुकडा मोडून तोंडात घातला आणि हळूहळू चावायला लागली. चार वेळा उजवीकडं, चार वेळा डावीकडं. आवाज काही येत नव्हता. मऊ भाकरीला कसला आवाज! त्या कडाक आवाजाची आठवण मात्र आली.

दार वाजलं. तोंड धुऊन, टॉवेल खांद्यावर टाकून महालिंगप्पा पडवीत आला. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यानं पाटाकडं बघितलं. पाट अजून मांडलेला नव्हता. त्यानं चुलीपुढच्या दोघींकडं बघितलं. श्रीदेवी पटकन उठायला लागली. रुद्रम्मानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"झाल्या का भाकऱ्या?" त्यानं विचारलं.

रुद्रम्माच्या तोंडात घास होता. तिनं तो पुरता चावला. घाई करून चालणार नव्हतं. धाराशिवच्या तिघांनी बजावून सांगितलं होतं. मग गिळला, आणि म्हणाली, "जरा थांबा. आमी जेवतोय."

महालिंगप्पा काही वेळ उभाच राहिला. मग त्यानं कोपऱ्यातला पाट आपल्या हातानं ओढून घेतला, आणि त्यावर बसून वाट बघायला लागला.